जुन्या डेस्कटॉपवर नवे गेम खेळायचेत? मग ग्राफिक्स कार्ड आधी मागवू नका

माझा एक मावसभाऊ आहे, साताऱ्याचा. २०१५ मध्ये इंजिनिअरिंगसाठी म्हणून काकांनी त्याला डेस्कटॉप असेंबल करून दिला. इंजिनिअरिंग किती झालं ते विचारू नका, पण त्या मशीनवर जीटीए ५ भरपूर झाला. मार्च २०२५ मध्ये त्याच गेमची नवी, एनहान्स्ड आवृत्ती आली आणि ज्यांच्याकडे पीसीवर जुना गेम होता त्यांना ती फुकटात मिळाली. भाऊ खूश. डाऊनलोड केला, सुरू केला, तर गेम चालतोय की कोणी एकेक फोटो दाखवतंय तेच कळेना.

मग सगळे करतात तेच त्यानं केलं. दिवाळीचा बोनस आला आणि पठ्ठ्यानं थेट नवं ग्राफिक्स कार्ड मागवलं. कार्डाला आठ पिनची पॉवर केबल लागत होती, ती जुन्या एसएमपीएसला नव्हतीच. एका दुकानदारानं 'काही होत नाही' म्हणत कन्व्हर्टर लावून दिला. वीस मिनिटं गेम चालला, मग जळका वास आला आणि मशीन बंद. नशीब, फक्त एसएमपीएसवर निभावलं. तो बदलला, तरी गर्दीच्या रस्त्यावर गाडी घातली की गेम अडखळायचाच.

बोनस संपला, गेम तसाच. मग चुकलं कुठं?

त्याच्या मशीनमध्ये काय होतं ते बघा. इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय५ ४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. दहा वर्षांपूर्वी गेमिंगसाठी पीसी जुळवलेल्या बऱ्याच जणांना हे ओळखीचं वाटेल. अशा मशीनमध्ये नेमकं काय कमी पडतंय, हे एक रुपया खर्च न करता समजतं.

गेम सुरू करा, टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्सचा टॅब उघडा आणि खेळताना सीपीयू आणि जीपीयूचे आकडे बघा. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर आणि सीपीयू निवांत असेल, तर कार्ड कमी पडतंय. उलट सीपीयू शंभरला टेकलाय आणि जीपीयू पन्नासच्या आसपास घुटमळतोय, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर धापा टाकतोय. अजून खात्री हवी असेल तर गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. रिझोल्यूशन कमी केलं की कार्डाचं काम हलकं होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळं एवढं करूनही एफपीएस वाढले नाहीत, तर दोषी प्रोसेसर. भावानं ही चाचणी कार्ड घेतल्यावर केली. आकडे आले सीपीयू १००, जीपीयू ४५.

आता खर्चाकडे. पहिला नंबर एसएसडीचा. गेम सुरू व्हायला वेळ लागतो, एवढ्यापुरतीच ही गोष्ट राहिलेली नाही. आताचे गेम खेळता खेळता डिस्कवरून सतत माहिती ओढत असतात. हार्ड डिस्कला ते झेपत नाही, मग समोरची इमारत उशिरा उगवते किंवा गेम क्षणभर थिजतो. जीटीए ५ च्या नव्या आवृत्तीला एसएसडी लागतेच, स्टारफिल्डलाही लागते. सायबरपंक २०७७ नं २०२३ च्या २.० अपडेटपासून हार्ड डिस्क यादीतूनच काढून टाकली. एच८१ बोर्डावर ती पातळ एम.२ एसएसडी लावायची जागा नसते, तेव्हा अडीच इंचाची साटा एसएसडी घ्या. घेताना साटा ३ च्या पोर्टला लावा, कारण या बोर्डावर काही पोर्ट जुन्या, हळू साटा २ चेही असतात.

रॅमबद्दल फार बोलायला नको. ८ जीबीवर आता भागत नाही, १६ करा. एच८१ वर स्लॉट दोनच आणि मर्यादाही १६ चीच, म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, एका मोठ्या पट्टीत ते होत नाही. डीडीआर३ आता सेकंडहँडच घ्यावी, फक्त दुकानातच लावून, मशीन चालू करून बघा.

आणि मग येतो एसएमपीएस, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर वेगळी केबल लागते. सहा पिनची केबल ७५ वॅट देते, आठ पिनची १५०. एखाद्या एसएमपीएसला ही केबल नाही, याचा साधा अर्थ असा की बनवणाऱ्यानं तो या कामासाठी बनवलेलाच नाही. हार्ड डिस्कच्या बारीक तारांना कन्व्हर्टर जोडून आठ पिन तयार करता येतात, पण तारा त्याच राहतात. त्यातून जास्त करंट ओढला की तार आणि कनेक्टर तापतात. स्वस्त एसएमपीएसच्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण कार्डाला आणि प्रोसेसरला लागणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनवर त्यातले किती येतात ते स्टिकरवर बारीक अक्षरात असतं. दुकानात उभं राहून तेच वाचा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेणाऱ्यांनी तर इथं दुप्पट सावध राहावं. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० चंच बघा. त्याच्या मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनऐवजी वेगळाच ८ पिनचा पॉवर कनेक्टर आहे, त्यामुळं बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. आडव्या, बारीक डब्याचं मॉडेल असेल तर कार्डही अर्ध्या उंचीचंच लागतं.

एवढं झालं की मग कार्ड. केबलची भानगड नको असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटमध्ये भागवतं, बहुतेक कंपन्यांच्या कार्डांना वेगळी केबल लागत नाही. नाव नीट वाचून घ्या, ८ जीबीच्या ३०५० ला केबल लागते. अजून एक गोम आहे. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन वापरतात. नव्या बोर्डावर ते खपून जातं. एच८१ चा स्लॉट मात्र पीसीआय एक्सप्रेस २.० चा, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग ४.० च्या पावपट. तिथं हे कार्ड म्हणजे महामार्गावरची एसटी बोळात घातल्यासारखं. इंटेलची आर्क कार्डंही अशा मशीनला नकोत, त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते आणि जुन्या बोर्डावर ती नसते.

भावाचं खरं दुखणं होतं प्रोसेसर. आय५ ४४६० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड. जीटीए ५ एनहान्स्डच्या किमान यादीत नाव आहे आय७ ४७७० चं, ज्यात चार कोअर असले तरी थ्रेड आठ आहेत. बरं, तो त्याच सॉकेटमध्ये बसतो. त्यानं सेकंडहँड ४७७० घेतला, थर्मल पेस्ट नवी लावली, एसएसडी टाकली. गेममधली गर्दी आणि रहदारीची सेटिंगही खाली आणली, कारण तो भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. आता गेम खेळण्यासारखा चालतो. बोनसमधून घेतलेलं महागडं कार्ड अजूनही अर्धं रिकामंच असतं.

ज्यांच्याकडे एएमडीचा २०१७ नंतरचा एएम४ बोर्ड आहे ते सुखी. पहिल्या पिढीच्या रायझेनसोबत घेतलेल्या बऱ्याच बी३५० बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझेन ५ ५६०० बसतो. बोर्ड, रॅम काही बदलावं लागत नाही. फक्त त्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी तपासा आणि अपडेट करताना लाइट जाणार नाही एवढं बघा.

पण काही दारं चौथ्या पिढीच्या इंटेलला बंद झालीत, कितीही पैसे टाका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत. बॅटलफील्ड ६ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस या गेमना रे ट्रेसिंगवालं कार्ड सक्तीचं आहे, आणि किमान यादीतला प्रोसेसरही बराच नवा. तुम्हाला हेच गेम खेळायचे असतील तर जुन्या मशीनवर पैसे घालू नका. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र बदलायचा हिशोब मांडा. कॅबिनेट, मॉनिटर आणि एसएसडी नव्यातही चालतील, चांगला घेतलेला एसएमपीएससुद्धा.

भावाचं आता तेच ठरतंय. कार्ड तर आधीच घेऊन झालंय, ते नव्या बोर्डावर पूर्ण ताकदीनं चालेल. यावेळी बोनस यायच्या आधीच त्यानं मला यादी पाठवलीये. पहिल्या ओळीत एसएमपीएसचं मॉडेल आणि कंसात १२ व्होल्टच्या लाइनचे वॅट.