सीईटीचे घड्याळ: सातारा-सांगलीच्या प्रवेशपरीक्षांचा मागोवा

महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी १९९९ मध्ये सीईटी सुरू झाली आणि पुढे काही वर्षांत अभियांत्रिकीचे प्रवेशही तिच्यावर होऊ लागले. तोवर मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी यांपैकी कुठेही जायचे, तर बारावीचे गुण पुरत. बोर्डाच्या तीन तासांच्या पेपरात हात चालावा लागे. पायऱ्या मांडायच्या, आकृती काढायची, पुरवणी जोडायची. गणित शेवटी चुकले तरी पायऱ्यांचे गुण पदरात पडत.

सीईटीने वेळेचे हे गणितच बदलले. जुन्या पद्धतीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. त्यातच प्रश्न वाचणे, पर्याय ताडणे आणि उत्तरपत्रिकेतला गोळा बॉलपेनने भरणे आले. गणिताला तेवढ्याच वेळात ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. जीवशास्त्राचे १०० प्रश्न पुन्हा ९० मिनिटांत.

या १०८ सेकंदांत काय बसते, हे एका नेहमीच्या प्रश्नावरून कळते. वर √साईन, खाली √साईन अधिक √कॉस, आणि शून्य ते पाय बाय दोन असे इंटिग्रेशन. बोर्डाच्या पेपरात गुणधर्म लिहून, दोन समीकरणांची बेरीज करून अर्धे पान भरावे लागते. सीईटीत मर्यादांमधल्या फरकाचा निम्मा घ्यायचा, पाय बाय चारवर खूण करायची आणि पुढे सरकायचे. ज्याला हा आकार ओळखता आला त्याची दीड मिनिटे वाचली. ज्याने सवयीने सगळे मांडले त्याचे पुढचे दोन प्रश्न गेले. क्लासेसमध्ये शॉर्टकट आणि टेस्ट सिरीजचे प्रस्थ वाढले ते याच हिशेबाने.

दुसरी गोष्ट म्हणजे या परीक्षेत चुकीला दंड नाही. त्यामुळे पहिल्या फेरीत हमखास येणारे प्रश्न, दुसरीत आकडेमोडीचे आणि शेवटची पाच मिनिटे तुक्क्यांसाठी, अशी फेऱ्यांची रीत रूढ झाली. रिकामा गोळा ठेवून उठणे हा निव्वळ वेंधळेपणा. धोका होता तो मध्ये प्रश्न सोडताना ओळ चुकण्याचा. एकाचे उत्तर दुसऱ्यापुढे भरले की पुढची सगळी रांग सरकते, आणि ते ध्यानात येते तेव्हा खोडायची सोय नसते.

२०१३ ते २०१६ ही वर्षे मात्र कुणालाच धड तयारी करू न देणारी होती. २०१३ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठीची देशव्यापी परीक्षा नीट आली आणि त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश बारावी आणि जेईई मेन ही देशव्यापी परीक्षा यांच्या निम्म्या-निम्म्या गुणांवर झाले. जेईईत तीन तासांत ९० प्रश्न होते, प्रश्नाला दोन मिनिटे मिळत. पण चुकीला एक गुण वजा होई. सीईटीचा शेवटच्या पाच मिनिटांचा खेळ इथे अंगलट येत असे. २०१६ मध्ये अभियांत्रिकीसाठी सीईटी परतली. नीट पुन्हा लागू होत असली तरी राज्यातल्या सरकारी वैद्यकीय जागा त्या वर्षापुरत्या वटहुकमामुळे सीईटीवर राहिल्या. २०१७ पासून तिथे नीट आली, आणि ती मराठीतूनही देता येऊ लागली.

२०१९ मध्ये सीईटी संगणकावर गेली. गोळे भरण्याचा वेळ वाचला, ओळ चुकण्याची भीती गेली. पडद्याच्या कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ मात्र आले. परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये होऊ लागल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ‘एवढे प्रश्न सुटले म्हणजे वालचंद’ हा जुना ठोकताळा त्यामुळे लंगडा पडला; अवघड शिफ्टमध्ये कमी प्रश्न सोडवूनही क्रमांक वर जाऊ शकतो. करोनामुळे २०२० ची परीक्षा ऑक्टोबरवर गेली.

आताच्या स्वरूपात आधी भौतिक-रसायनची ९० मिनिटे चालतात आणि ती संपल्यावरच गणित किंवा जीवशास्त्राचा भाग उघडतो. रसायनशास्त्र लवकर उरकून उरलेली मिनिटे गणिताला देता येत नाहीत. कागदी परीक्षेतही पेपर वेगळे असल्याने ही भिंत होतीच, फक्त मध्ये सुट्टी असे. आता ती न घेता सलग तीन तास बसावे लागते. भौतिक आणि रसायन यांच्यात मात्र वेळ हवा तसा वाटता येतो, म्हणून झटपट सुटणारे रसायन आधी घेऊन भौतिकला जास्त वेळ ठेवणारे बरेच असतात. बोर्डानेही या काळात वेळेत फेरफार केले: २०२३ मध्ये पेपर दहा मिनिटे आधी वाटणे बंद करून ती दहा मिनिटे शेवटी जोडली.

नीटची चाल निराळी. ती आजही कागदावर होते, हातावर घड्याळ चालत नाही, खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवावी लागते. १८० प्रश्नांना १८० मिनिटे हे प्रमाण २०२१ मध्ये बिघडले: काही प्रश्न ऐच्छिक करून छापील प्रश्न २०० केले, वेळ मात्र तीच राहिली. कोणते प्रश्न सोडायचे हे ठरवण्यासाठीही ते वाचावेच लागत. २०२२ मध्ये २० मिनिटे वाढवली आणि २०२५ मध्ये पुन्हा १८०ला १८० केले. त्या वर्षी भौतिकशास्त्र लांबलचक आणि किचकट निघाले. जीवशास्त्राचे ९० प्रश्न आधी हातावेगळे करणाऱ्यांना निदान निम्म्या गुणांचा भाग निवांतपणे सोडवता आला. भौतिकपासून सुरुवात केलेल्यांना नंतर घाई झाली. साताऱ्यात किंवा सांगलीत चारही विषय घेतलेला विद्यार्थी या दोन्ही परीक्षा थोड्याच दिवसांच्या अंतराने देतो. सीईटीत तुक्का मारायचा, नीटमध्ये चुकीला गुण वजा होतात म्हणून हात आवरायचा.