सुतार पक्ष्याचे घरटे आणि आपला कॅमेरा

माडाच्या सुकलेल्या खोडावर ठक् ठक् असा आवाज होऊ लागला, की सुतार पक्षी आला हे आपल्या घरातील लहान मुलांनाही कळते. पणजीच्या परिसरापासून डिचोली-पेडण्याच्या भाटांपर्यंत हा सोनेरी पाठीचा, तांबड्या तुऱ्याचा पक्षी सर्वांच्या परिचयाचा आहे. अलीकडे आपल्या तरुणांच्या हाती उत्तम कॅमेरे आले असून, विणीच्या दिवसांत ह्या पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेण्याची हौस वाढली आहे. ती हौस निर्दोष रीतीने कशी पुरवावी, ह्याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा.

परमेश्वराने ह्या पक्ष्याला त्याच्या व्यवसायाची सर्व हत्यारे जन्मतःच दिली आहेत. चोच छिन्नीसारखी, पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे, शेपटीची पिसे ताठ, त्यामुळे खोडाला टेकून त्याला उभे राहता येते. लांब जिभेने तो मुंग्या व किडे वेचतो. नर व मादी मिळून खोडात ढोली कोरतात आणि आळीपाळीने अंडी उबवितात. नराचा सबंध माथा तांबडा, तर मादीच्या कपाळावर काळ्या रंगात पांढरे ठिपके असतात. पुढे ही ढोली रिकामी झाली, की तेथे साळुंकी, दयाळ किंवा पोपट बिऱ्हाड करतात.

हिंदुस्थानात ह्या छंदाची परंपरा जुनी आहे. सालिम अली ह्यांच्या १९४१ सालच्या पुस्तकाने सामान्य माणसाला पक्ष्यांची ओळख करून दिली. पणजीजवळच्या चोडण बेटावरील अभयारण्य त्यांच्याच नावाने आहे. १९४९ साली लोथर ह्यांचा भारतातील पक्षी-छायाचित्रणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी घरट्याजवळ आडोसा उभारून चित्रे घेत. आज दूरवरचे टिपणारी भिंगे उपलब्ध असल्याने इतके जवळ जाण्याचे कारणच उरलेले नाही.

म्हणून दूर, झाडाच्या आड, स्थिर उभे राहावे. सकाळचे कोवळे ऊन खोडावर पडेल अशी जागा निवडावी. पाठीमागे उजळ आकाश असल्यास पक्षी काळवंडतो. तेव्हा प्रकाशाचे मोजमाप पक्ष्यावरच करावे. ढोलीपुढील पाने तोडू नयेत, झगझगीत दिवा मारू नये, ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला फसवू नये. चोचीत खाऊ घेऊन आलेला पक्षी ढोलीत न शिरता लगतच्या फांदीवर ओरडत राहिला, तर आपल्या उपस्थितीमुळे आत पिले उपाशी आहेत असे समजून तेथून तत्काळ निघावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्याला उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत येते, हेही तरुणांनी जाणून असावे.

घरी आल्यावर संगणकावर चित्र सुधारण्यास हरकत नाही. कडेचा निरर्थक भाग कापावा, तिरके खोड सरळ करावे, सावलीतील डोळा किंचित उजळावा, अंधारामुळे आलेले कण कमी करावेत. परंतु तुरा होता त्याहून तांबडा करणे, आड आलेली फांदी पुसणे किंवा दुसऱ्या चित्रातील पिलू ढोलीत बसविणे, ही सुधारणा नव्हे. ज्याने ते दृश्य पाहिले नाही, तो आपल्या चित्रावर विश्वास ठेवतो. आठव्या आज्ञेने खोटी साक्ष निषिद्ध ठरविली आहे, आणि छायाचित्र हीही एक साक्षच होय.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, घरटे सापडल्यास पिलांसह आईला धरू नये, अशी आज्ञा आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले, ते ह्याच शिकवणुकीला धरून. आपल्या भाटातील शेंडा गेलेला माड घरावर वा वाटेवर पडण्याचे भय नसेल, तर तो तोडण्यापूर्वी त्यात ढोली आहे काय, हे पाहावे. असल्यास पिले उडून जाईपर्यंत कुऱ्हाड थांबवावी. ज्या घरी कॅमेरा नाही, त्या घरालाही एवढी सेवा सहज करता येईल.