माहिती चौकट : घंटा वाजली म्हणजे उठावे

ब्रह्मपुरी शहराच्या उत्तरेस, वैनगंगेच्या काठी वसलेल्या भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, नवजात अर्भकांच्या कक्षातून धूर येत असल्याचे प्रथम ध्यानी आले ते एका परिचारिकेच्या. कक्षातील १७ बालकांपैकी ७ वाचली, १० दगावली. मनुष्याच्या दृष्टीस धूर पडण्यापूर्वीच तो ओळखावा, याकरिताच धूरशोधक यंत्र असते : आतील प्रकाशकिरण धुराच्या कणांवर आदळून विखुरतात, ते संवेदकावर पडतात आणि तत्क्षणी घंटा वाजते.

परंतु घंटा वाजणे निराळे आणि माणसाने उठणे निराळे. लाताने आणि डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खोलीत धूर शिरू लागला असता एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी वर्दी दिली. तिघे एकत्र असता मात्र, एकमेकांच्या मुद्रा न्याहाळीत बहुतेक जण बसून राहिल्यामुळे, अवघ्या ३८ टक्के गटांतून कोणी उठले. माझ्या मते खरा धोका या खातरजमेच्या प्रतीक्षेत आहे.

अर्थात, मुळात घंटा वाजलीही पाहिजे; महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये अशी यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर असून, तसा दाखला दर जानेवारी व जुलैत द्यावा लागतो. जंगलपट्ट्यातील रुग्ण आणि विद्यार्थी ज्यांच्या भरवशावर ब्रह्मपुरीस येतात, त्या दवाखान्यांच्या व वसतिगृहांच्या चालकांनी तो दाखला दर्शनी भिंतीवर लावावा. आणि घंटा ऐकताच प्रत्येकाने, शेजारी उठो वा न उठो, जिन्याने बाहेर पडून १०१ क्रमांकावर वर्दी द्यावी.