घर, दलाल आणि दोन टक्के

‘घर पाहावे बांधून’ म्हणणाऱ्याकडे निदान जागा तरी स्वतःची असावी. आमच्यासारख्या चाळीत भाड्याने राहणाऱ्यांना घर पाहावे लागते ते दलालाच्या स्कूटरवर मागे बसून. गेल्या वर्षी अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून एक जुना फ्लॅट घेण्याचे ठरविले. घरात कागद वाचणारा मी एकटाच, त्यामुळे या व्यवहारातले बरेचसे माझ्या वाट्याला आले. त्यातून जे कळले ते इथे मांडतो.

दलाल म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. हा काही न्याय नव्हे. कोणत्या इमारतीत पाणी किती वाजता येते, कोणाला पैशांची निकड आहे, हे त्यालाच ठाऊक असते. मात्र तो आपला वकील नसतो. जुन्या घराच्या व्यवहारात तो बहुधा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. एक किंवा दोन टक्के ही रूढी झाली, कायदा नव्हे. ४० लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे ८० हजार! आणि किंमत चढली की त्याची दलालीही चढते, मग भाव उतरविण्यात त्याला गोडी कितपत असणार? म्हणून दलाली किती आणि केव्हा, हे घरे पाहण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

२०१६ च्या ‘रेरा’ कायद्यानुसार नव्या, नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या दलालालाही नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात हे १ मे २०१७ पासून सुरू झाले. त्याचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतो. करार नोंदविण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. जुन्या फ्लॅटला मात्र हे कवच सहसा लाभत नाही. तिथे आपले डोळे आणि एखादा वकील.

आमच्या दलालाने सगळ्या कागदांच्या झेरॉक्स प्रती दाखविल्या. मूळ कागद कुठे, असे विचारले तर म्हणाला, “बँकेत आहेत.” अण्णा खूष! बँकेत म्हणजे सुरक्षित, असे त्यांना वाटले. मूळ कागद बँकेत असणे म्हणजे बहुधा घर गहाण असणे, हे त्यांना समजावताना मला फार जड गेले. कारण एक लाखाचा विसार आजच द्या, संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार, असा समोरून लकडा चालू होता.

आम्ही थांबलो. कर्ज किती बाकी आहे याचे बँकेचे पत्र विकणाऱ्याकडून मागितले. ते यायला आठ दिवस लागले. दुसरे गिऱ्हाईक काही आले नाही. कर्जाच्या बाकीचा धनादेश थेट बँकेच्या नावे, उरलेला विकणाऱ्याच्या नावे, असे वकिलाने करारातच घातले. सोसायटीचे ‘थकबाकी नाही’ पत्र आणि भागपत्र पाहिले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अण्णांचा अंगठा उमटला, फोटो निघाला, आणि त्याच दिवशी दलाली धनादेशाने देऊन मी पावती घेतली. पाण्याची वेळ त्याने खरी सांगितली होती, पहाटे साडेपाच.