तवंगाखालचा समुद्र मोजणारे यंत्र

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे 800 टन इंधन तेल समुद्रात गेले. उरण-अलिबागच्या पट्ट्यात खारफुटीवर काळा थर बसला. हे सगळ्यांना दिसले. तवंगाखाली काय गेले, हे कळायला मात्र यंत्रच पाण्यात उतरवावे लागते.

ते यंत्र म्हणजे सीटीडी. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली ते एकाच वेळी मोजते. वाहकतेवरून क्षारता काढतात. धातूच्या चौकटीत सेन्सर आणि भोवती गोलाकार 12 किंवा 24 निस्किन बाटल्या. विंचच्या तारेवरून चौकट खाली जाते, तेव्हा बाटल्या दोन्ही टोकांना उघड्या असतात. वर येताना जहाजावरून इशारा मिळतो आणि ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली मिटते.

तेलाचा माग काढण्यासाठी फ्लुरोमीटर जोडतात. त्याचा अतिनील प्रकाश पडला की तेलातली काही संयुगे चमकतात. जीवाणू तेल खाऊ लागले की विरघळलेला प्राणवायू घटतो. त्याचाही वेगळा सेन्सर असतो.

2010 मध्येच मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन 11 कामगार दगावले आणि तेल समुद्रात वाहू लागले. जूनमध्ये ‘एंडेव्हर’ जहाजावरच्या शास्त्रज्ञांना सुमारे 1100 मीटर खोलीवर 35 किलोमीटरहून लांब तेलकट पट्टा सापडला. वरून तो दिसणे शक्यच नव्हते.

नमुना घेणे हेही कसबाचे काम. पाणी काचेच्या गडद, द्रावकाने धुतलेल्या बाटल्यांत भरतात. संशोधन जहाजाचे स्वतःचे तेल त्यात मिसळू नये, याची काळजी घ्यावी लागते.

गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून समुद्राचा अभ्यास करते. 80 मीटर लांबीचे ‘सिंधु साधना’ 2014 मध्ये तिच्या ताफ्यात आले.

अपघाताविनाही समुद्रात तेल पोचतच असते. विदर्भातल्या घाटंजीच्या वाघाडी नदीत जळके ऑइल सांडले, तर त्याची वाट पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी बंगालच्या उपसागराकडेच जाते. त्यामुळे पाण्यातल्या तेलाचा गळतीनंतरचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडल्याशिवाय नुकसान ठरवता येत नाही. किनारी पाण्याची अशी नियमित तपासणी भारतात 1990 च्या दशकापासून चालू आहे. तेलगळती नसलेल्या वर्षांतही तिच्यासाठी पैसा आणि जहाजाचे दिवस राखून ठेवलेच पाहिजेत.