झोपेत कुत्रा पाय झाडतोय? स्वप्न आहे की फिट, असं ओळखा

दुपारी जेवण झालं की वस्तीवरचा मोत्या गोठ्याच्या सावलीला आडवा होतो. थोडा वेळ निवांत जातो आणि मग त्याचे पाय हलायला लागतात. मिश्या थरथरतात, पापण्यांखाली बुबुळं फिरतात, बंद तोंडातूनच बारीक भुंकल्यासारखा आवाज येतो. कोणी म्हणतं त्याला काहीतरी दिसतंय, कोणी अंगावर पाणी मारतं, तर कोणी पायाने ढोसून उठवतं. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते. काही वेळा मात्र खरोखर डॉक्टर गाठावा लागतो. दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही.

माणसासारखीच कुत्र्याची झोपही टप्प्याटप्प्याने होते. एका टप्प्यात अंग सैल पडतं, पण मेंदू जागेपणी असतो तितकाच कामाला लागलेला असतो आणि डोळे भराभर फिरतात. माणसातला हा टप्पा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५३ मध्ये नोंदवला. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत उंदरांवर प्रयोग झाला. दिवसा ठरावीक वाटेवर पळताना उंदराच्या मेंदूत ज्या क्रमाने हालचाल झाली, तोच क्रम झोपेतही दिसला. त्यामुळे मोत्या झोपेत सकाळच्याच मांजरामागे धावत असेल, असं म्हणायला जागा आहे. या टप्प्यात मेंदू स्नायूंना ब्रेक लावून ठेवतो, म्हणून तो उठून पळत नाही. ब्रेकमधून थोडं निसटतं, ते पाय झाडण्यात दिसतं. पिल्लांत आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं.

आता फिटचं. गावाकडे याला आकडी किंवा झटका म्हणतात. अनेक कुत्र्यांना ती झोपेत किंवा नुकतं उठल्यावरच येते, त्यामुळे गल्लत होते. स्वप्नातली हालचाल तुटक असते, थोडी होते, थांबते, परत होते, आणि अंग मऊ राहतं. लांबून नावाने हाक मारली की कुत्रा डोळे उघडतो, क्षणभर गोंधळतो आणि शेपूट हलवतो. फिटमध्ये अंग लाकडासारखं ताठ होतं, चारही पाय जोरात आपटतात, जबडा आवळला जातो, तोंडाला फेस येतो, लघवी किंवा शी होऊन जाते. हाक मारून उपयोग होत नाही. शुद्धीवर आल्यावरही तो बराच वेळ भेलकांडतो, भिंतीला धडकतो, कधी घरच्यांनाही ओळखत नाही.

अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवायला जाऊ नये. तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालू नये. आजूबाजूच्या विळा-कोयत्यासारख्या वस्तू बाजूला कराव्यात, घड्याळ बघावं आणि मोबाईलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरांसमोर नेईपर्यंत कुत्रा ठीक दिसायला लागतो, तेव्हा हा व्हिडिओच कामी येतो. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा चोवीस तासांत पुन्हा आला, तर थांबायचं नाही. रानात फवारणी झाली असेल किंवा घरात उंदराचं औषध ठेवलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावं, कारण विषबाधेतही झटके येतात.

लस न दिलेल्या पिल्लाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघायला हवी. डोळ्या-नाकातून घाण, ताप, आणि मग डोक्याचा किंवा एखाद्या पायाचा एकसारखा ठेका धरल्यासारखा झटका, जो जागेपणीही चालतो आणि झोपेतही थांबत नाही. हे डिस्टेंपरचं लक्षण असू शकतं. त्याला स्वप्न समजून दिवस घालवू नयेत.

झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवू नये, हे घरातल्या लहान पोरांना बजावूनच सांगायला हवं. गाढ झोपेतून दचकलेला कुत्रा समोर कोण आहे हे कळायच्या आत चावतो. तो रागीट असतो असं नाही. उठवायचंच असेल तर लांबून हाक मारावी. चावलाच, तर घरचा आहे म्हणून सोडून देऊ नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी, हळद, चुना, मिरचीपूड लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीचं विचारावं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

बाकीच्या सवयींचं फारसं मनावर घेऊ नये. बसण्याआधी गोल फिरणं, माती उकरणं ही बहुधा रानटी पूर्वजांकडून आलेली सवय. उकरल्यावर खालची माती गार लागते, हाही फायदा. थंडीत नाक शेपटीत खुपसून वेटोळं, उन्हाळ्यात चारही पाय वर. दिवसाला बारा-चौदा तास झोप ही कुत्र्यासाठी नेहमीचीच, त्यात रात्रभर राखण करणाऱ्याला दिवसा आळशी म्हणणं तर अन्यायच.

झोपायची जागा मात्र बघावी. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री उघड्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही वाव नसतो. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वाधिक वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला होता. तिथे कुत्रा बाजेखाली किंवा दाराशी घुसून झोपायला बघत असेल तर त्याला हुसकावण्यापेक्षा आत घ्यावं.

सवय कितीही विचित्र असली तरी ती कायमची असेल तर चिंता कमी. अचानक बदल झाला तर लक्ष द्यावं. एरवी हाकेला धावणारा कुत्रा दिवसभर पडून राहतो, खात नाही, हिरड्या पांढुरक्या दिसतात, अंगावर गोचीड आहेत, तर गोचीड तापाची शंका घ्यावी. म्हातारा कुत्रा रात्रभर घरात फिरतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, दिवसा झोपतो, तर सांधेदुखी असू शकते किंवा वयाने मेंदू थकलेला असू शकतो. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नयेत, त्यातल्या काही कुत्र्याला विषासारख्या लागतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं. तिथपर्यंत नेणं शक्य नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना झटका किती वाजता आला, किती वेळ चालला आणि कुत्र्याने शेवटचं काय खाल्लं, एवढं हाताशी ठेवावं.