दुरुस्त केलेले हृदय

हृदय म्हणजे अखेर एक पंप. बिघडला तर दुसरा बसवावा, असे आपण सहज बोलून जातो. उतारवयात थकलेल्या हृदयापुरते ते बरेचसे खरेही आहे. परंतु ज्याची घडणच जन्मतः चुकली, त्या हृदयाचे दुखणे निराळे. तेथे नुसता पंप नव्हे, नळांची जोडणीच वेगळी असते.

निरोगी हृदयाच्या खालच्या भागात दोन जवनिका असतात. उजवी रक्त फुप्फुसांकडे ढकलते, डावी साऱ्या शरीराला पुरवते. काही अर्भके मात्र एकच कामाची जवनिका घेऊन जन्माला येतात. अशांसाठी फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रान्सिस फाँतां या शल्यवैद्यांनी १९६८ साली एक धाडसी युक्ती केली. अशुद्ध रक्त उजव्या जवनिकेला वगळून फुप्फुसांकडे वळवायचे आणि उरलेल्या एकीवर शरीराचा संसार चालवायचा. आज तर मोठ्या नीलाच थेट फुप्फुसांच्या वाहिन्यांना जोडतात. निळी पडणारी मुले यामुळे शाळेत जाऊ लागली, मोठी झाली.

पण या वाटेवर पंप नाही. रक्ताने मागच्या दाबावरच पुढे सरकायचे. साहजिकच ते नीलांत तुंबते. वर्षानुवर्षे हा ताण सोसून यकृत निबर होते, पोटात पाणी साचते, काहींच्या आतड्यांतून प्रथिने झिरपून जातात.

अशा तरुणाला यंत्र लावायचे, तर कोठे? प्रौढांना सहसा बसवतात तो पंप डाव्या जवनिकेतून रक्त खेचून महारोहिणीत सोडतो. एकुलती जवनिका थकली असेल तर त्याचा उपयोग होतो. अडचण फुप्फुसांच्या वाटेवर असेल, तर मात्र विहिरीचा झराच अडला असता रहाट दामटण्यासारखे ते होईल!

मग हृदयरोपण. येथे एक गोष्ट मनाला चटका लावते. ज्या शस्त्रक्रियांनी मूल जगवले, त्याच आता आड येतात. जुन्या व्रणांमुळे हृदय छातीच्या हाडाला चिकटलेले असते. वळवलेल्या वाहिन्या सरळ करण्यासाठी दात्याच्या वाहिन्यांचे जादा तुकडे घ्यावे लागतात. शिवाय पूर्वी दिलेल्या रक्तामुळे व मानवी ऊतींच्या ठिगळांमुळे शरीराने परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात. जुळणारा दाता त्यामुळे दुर्मिळ. बर्फात ठेवून आणलेले हृदय साधारण चार तासांच्या आत बसवावे लागते, हे आणखी निराळेच.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी बर्लिनचा एक पंप आहे. तो शरीराबाहेर राहतो, हवेच्या दाबावर चालतो. त्याचा सर्वांत लहान कप्पा १० मिलिलिटरचा, म्हणजे दोन चहाचे चमचे भरतील एवढा. तो पारदर्शक असतो, म्हणून विजेरी धरून आत गुठळी धरली आहे का, हे न्याहाळता येते. गुठळी मेंदूत गेली तर पक्षघात. ती टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवावे तर रक्तस्रावाचे भय. अशा कात्रीत दाता मिळेपर्यंतचे दिवस काढायचे.

परंतु बाळाला निसर्गाने एक सवलत दिली आहे. परक्या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात अजून पुरती तयार झालेली नसतात. टोरांटो येथे डॉ. लोरी वेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून या अवधीचा फायदा घेऊन गट न जुळणारी हृदयेही अर्भकांना बसवली, आणि शरीराने ती स्वीकारली. एरवी नाकारावी लागली असती अशी हृदये उपयोगी पडू लागली. मूल वाढते, तसतशी ही सवलत संपत जाते.